भोंगा वाजला तर वाळूजनं काय करायचं?

माननीय जिल्हाधिकारी,
छत्रपती संभाजीनगर



मी बजाजनगरात राहतो. वाळूज एमआयडीसीत भोंगा म्हणजे पाळी भरली किंवा सुटली, एवढंच आम्हाला कळतं. भोंगा चढउतार करत वाजला तर हवाई हल्ल्याचा इशारा आणि सलग एका सुरात वाजला तर धोका टळला, हे आमच्या गल्लीत विचारलं, तर एकालाही सांगता आलं नाही.

मे २०२५ मध्ये ‘ऑपरेशन सिंदूर’च्या दिवसांत देशभर नागरी संरक्षणाची रंगीत तालीम ठरली, तेव्हा केंद्राच्या यादीत औरंगाबादचंही नाव होतं. मग ती तयारी वाळूजच्या कामगारापर्यंत पोचायलाच हवी.

कारखान्यांचं गाव युद्धात कसं जळतं, ते इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीनं भोगलंय. मोटारी, मोटारसायकली, विमानांची इंजिनं बनवणारं ते गाव. १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन विमानांनी तिथं सुमारे अकरा तास बॉम्ब टाकले. ट्रायम्फचा कारखाना बेचिराख झाला. त्याच ट्रायम्फच्या गाड्या आज बजाज चाकणला बनवते. कारखाना पुन्हा उभा राहतो. पण कारखान्यांना खेटून कामगारांची घरं होती, आणि त्या एका रात्रीत ५०० हून अधिक माणसं गेली.

आमच्याकडेही तसंच आहे. रांजणगाव शेणपुंजीत दहा बाय दहाच्या खोलीत चार-पाच पोरं राहतात. रात्रपाळी करून आलेला दिवसा झोपतो, तेव्हा दुसरा डबा भरत असतो. गॅसची टाकी दाराशीच, आणि बाहेर पडायला दार तेवढं एकच.

बॉम्बचं सोडा. ३१ डिसेंबर २०२३ च्या पहाटे वाळूजमध्ये हातमोज्यांच्या कारखान्याला आग लागली आणि आत झोपलेले सहा कामगार मेले. साधी आग लागली तरी आमचा माणूस बाहेर पडू शकत नाही, तिथं हल्ल्यात काय होईल?

म्हणून विनंती आहे. पुढची तालीम वाळूजमध्ये, रात्रपाळी चालू असताना घ्या. कंत्राटी कामगारांना तिच्यात घ्या, परप्रांतातून आलेल्यांना त्यांच्या भाषेत सांगा. प्रत्येक शेडचं मागचं दार उघडून पाहा; कुलूप दिसलं तर ते काढून घेतल्याशिवाय पुढं जाऊ नका. खोल्यांच्या वस्तीतही या.

भोंगा चढउतार करत वाजला, तर झोपलेल्या रात्रपाळीवाल्याला शेजारच्यानं हलवून उठवायचं आणि दोघांनी कुठं जायचं, एवढं तरी आम्हाला शिकवा.

आपला,
बजाजनगरचा एक रहिवासी