कॅन्सर बरा झाला, हृदयाचे काय?

गेल्या पावसाळ्यात आमच्या जाफराबादच्या वस्तीतल्या एका आजी विहाराच्या दोन पायऱ्या चढल्या आणि तिथेच बसल्या. धाप लागली होती. सात वर्षांपूर्वी त्यांच्या डाव्या स्तनाच्या गाठीचे ऑपरेशन झाले, किमो झाली, शेकही झाला. "कॅन्सर गेला बाई, ही वयाची धाप," असे त्या म्हणाल्या. आम्ही त्यांना फाइल आणायला सांगितले. प्लास्टिकच्या पिशवीत सगळे जपून ठेवले होते: गाठीचा रिपोर्ट, रक्ताचे रिपोर्ट, सीटीच्या फिल्मा. किमोआधी टूडी इको झाला होता की नाही, याचा मात्र एकही कागद नव्हता. नंतरही कुणी तो करायला सांगितला नव्हता. आता इको केला, तेव्हा हृदयाचे पंपिंग कमी झाल्याचे कळले. गोळ्या सुरू झाल्या आणि आजी आता बऱ्या आहेत. पण आमच्या मनात प्रश्न राहिला. हे आधी कळले असते का?

आमचे मत स्पष्ट आहे. बऱ्याच बायांच्या बाबतीत हा धोका आधी ओळखता येतो. त्यासाठी लागणारी काही चित्रे तर उपचाराच्या वेळी काढलेलीच असतात. ती फक्त हृदयासाठी वाचली जात नाहीत.

आधी हृदयाला इजा कशी होते ते पाहू. सलाईनमधून दिले जाणारे लाल रंगाचे औषध, म्हणजे डॉक्सोरुबिसिन, कॅन्सरच्या पेशी मारते, पण हृदयाच्या स्नायूलाही दुबळे करू शकते. एकूण डोस वाढतो तसा हा धोका वाढतो. काही बायांना ट्रास्टुझुमॅब नावाचे इंजेक्शन देतात, त्यानेही पंपिंग कमी होऊ शकते. तिसरी गोष्ट शेकाची. हृदय डावीकडे असल्याने डाव्या स्तनाला शेक देताना थोडी किरणे हृदयापर्यंत जातात. स्वीडन आणि डेन्मार्कमधल्या २,१६८ बायांचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. हृदयाला मिळालेल्या किरणांच्या प्रत्येक एका ग्रे मात्रेमागे हृदयविकाराच्या मोठ्या झटक्यांचा धोका ७.४ टक्क्यांनी वाढला होता. हा धोका पहिल्या पाच वर्षांतच सुरू होतो आणि वीस वर्षे टिकतो, असेही त्यात दिसले.

आता चित्रांकडे वळू. पहिले चित्र टूडी इकोचे. सोनोग्राफीसारखीच ही तपासणी, दुखत नाही. त्यात पंपिंगचा आकडा येतो. किमोआधी एक इको झाला तर नंतरचा आकडा कशाशी ताडून पाहायचा ते कळते. ट्रास्टुझुमॅब चालू असताना साधारण दर तीन महिन्यांनी इको करायचा असतो. पंपिंग उतरू लागले आणि ते लवकर कळले, तर औषधांनी हृदय पुष्कळदा सावरते. उशीर झाला की सावरणे अवघड होते.

दुसरे चित्र सीटीचे. शेक देण्यापूर्वी किरणे कुठे पाडायची हे ठरवायला छातीचा सीटी काढतात. त्यात हृदयाच्या रक्तवाहिन्यांत साठलेले कॅल्शियम पांढऱ्या ठिपक्यांसारखे दिसते. नेदरलँड्समध्ये १५,९१५ बायांचे असे सीटी संगणकाकडून वाचून घेतले गेले, आणि २०२१ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. ज्यांच्या रक्तवाहिन्यांत कॅल्शियम नव्हते, त्यांच्यापैकी पुढे शंभरात सुमारे पाच जणींना हृदयाचा किंवा रक्तवाहिन्यांचा आजार झाला. ज्यांच्यात कॅल्शियमचा आकडा ४०० च्या वर होता, त्यांच्यात हेच प्रमाण शंभरात सुमारे अठ्ठावीस होते. वेगळा सीटी नाही, वेगळा खर्च नाही, जास्तीची किरणे नाहीत.

तिसरे चित्र मॅमोग्राफीचे. अमेरिकेत ६० ते ७९ वयाच्या पाच हजारांहून अधिक बायांचा अभ्यास २०२२ मध्ये आला. ज्यांच्या स्तनातल्या रक्तवाहिन्यांत कॅल्शियम दिसले, त्यांना हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका ५१ टक्क्यांनी जास्त होता.

कुणी म्हणेल, हे सगळे परदेशातले आहे. खरे आहे, आणि म्हणूनच आम्ही हे लिहीत आहोत. आपल्याकडे स्तनाचा कॅन्सर पाश्चात्त्य देशांपेक्षा साधारण दहा वर्षे आधीच्या वयात होतो. आपल्या बाया मिश्री लावतात, अंगात रक्त कमी असते, बीपी आणि शुगर कधी तपासलेली नसते. तिकडच्या बायांच्या चित्रांवर शिकलेला संगणक आपल्या बायांचा धोका बरोबर सांगेलच, असे गृहीत धरू नये. २०२२ च्या अंदाजानुसार भारतात एका वर्षात सुमारे १ लाख ९२ हजार बायांना हा कॅन्सर झाला. त्यांची चित्रे आपल्याच सरकारी रुग्णालयांत पडून आहेत. ती नाव-गाव झाकून अभ्यासली जावीत आणि त्याचा लाभ आधी सरकारी रांगेत उभ्या असलेल्या बाईला मिळावा. मोठ्या खासगी दवाखान्यातल्या बाईला आधी आणि वस्तीतल्या बाईला वीस वर्षांनी, हे आम्हाला मान्य नाही.

संगणक यायचा तेव्हा येईल. सीटी बघणाऱ्या डॉक्टरने "हृदयाच्या रक्तवाहिन्यांत कॅल्शियम आहे" किंवा "नाही" एवढी एक ओळ लिहायला आजही यंत्र लागत नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत किमो आणि किरणोपचार होतात. त्याच फाइलमध्ये इकोचा कागद आणि ही एक ओळ सक्तीची असावी, ही आमची मागणी आहे.

एक इशारा द्यायलाच हवा. हे वाचून कुणीही किमो किंवा शेक नाकारू नये. कॅन्सर अंगावर काढणे हा त्याहून कितीतरी मोठा धोका आहे. हृदयाच्या भीतीने स्वतःहून सीटी काढत फिरू नये, आणि कॅल्शियम नाही म्हणून निर्धास्तही राहू नये. शेकाची यंत्रे सुधारली आहेत. डाव्या स्तनाला शेक देताना श्वास भरून रोखायला लावतात, तेव्हा हृदय किरणांपासून दूर सरकते. ही सोय आहे का, हे विचारावे.

घरात पेशंट असेल तर तीन प्रश्न कागदावर लिहून न्या. किमोआधी इको होणार का? सीटीत हृदयाच्या रक्तवाहिन्या कशा दिसतात? उपचार संपल्यावर इको कधी करायचा? ज्यांचा उपचार संपून वर्षे झाली, त्यांनी ग्रामीण रुग्णालयात बीपी, शुगर तपासून घ्यावी आणि "मला किमो झाली होती" हे आवर्जून सांगावे. धाप, पायांना सूज, रात्री उशा वाढवून झोपावे लागणे, याला वय म्हणून सोडून देऊ नये. मिश्री सोडावी. छत्रपती संभाजीनगरला जायला बायांना एसटीचे अर्धे तिकीट आहे. सोबत लिहिता-वाचता येणारे एक माणूस न्यावे.

येत्या पौर्णिमेला विहारात येताना आपापली फाइल सोबत आणा. आपण मिळून ती पाहू. कोणता कागद नाही, तेच आधी शोधू.

सर्वांना सप्रेम जयभीम.