सही मागे घेण्याबाबत

सही ही गोष्ट मी फार गंभीरपणे घेतो. वीस वर्षं बँकेत लोकांच्या सह्या जुळवतोय. 'र'ची शेपटी जरा वर गेली म्हणून चेक परत पाठवलेत. एकदा तर सख्ख्या सासऱ्यांचा. अशा माणसाने गेल्या महिन्यात सोसायटीच्या एका अर्जावर, डाव्या हातात चहाचा कप धरून, न वाचता सही ठोकली.

अर्ज होता मागच्या इंडस्ट्रियल इस्टेटीतल्या एका गाळ्याविरुद्ध. तिथे पूर्वी लग्नपत्रिका छापत. छापखाना बंद पडला आणि दर शनिवारी संध्याकाळी पोरं जमू लागली. चित्रं टांगतात, गिटार बडवतात, कविता ओरडतात. "अंडरग्राउंड अड्डा आहे हो!" सेक्रेटरी डोळे विस्फारून म्हणाले. अंडरग्राउंड म्हटलं की आमच्या आजोबांना बेचाळीसचे भूमिगत आठवत. मला आठवते ती ड्रेनेजची लाइन. मी सही केली.

"काका, तू आत जाऊन बघितलंस तरी का?" पुतण्याने विचारलं. "न बघता कुणाला कर्ज देतोस का तू?"

झोंबलं. येत्या शनिवारी गेलो. अंडरग्राउंड म्हणून खिशात टॉर्च घेतली होती, तर दोन जिने वर चढावं लागलं! दाराशी बिस्किटांचा पत्र्याचा डबा : 'जमेल ते टाका.' पावती नाही, व्हाउचर नाही. माझ्यातला कॅशियर कळवळला. आत भिंतींना जुन्या गाद्या आणि अंड्यांचे ट्रे ठोकलेले. कशाला? तर आवाज बाहेर जाऊ नये म्हणून! एवढी काळजी आमच्या सोसायटीने नवरात्रात स्पीकरची भिंत उभारताना कधी घेतल्याचं स्मरत नाही.

सगळंच थोर होतं असं मी म्हणणार नाही. एका चित्रात नुसता काळा चौकोन होता. मी तो तीन बाजूंनी पाहिला, चौथ्या बाजूला भिंत होती. एक कवी तर थांबायचं कुठे हे घरी विसरून आला होता. पण मग एक पोरगा उभा राहिला. अंगात पार्सल पोचवणाऱ्या कंपनीचा टी-शर्ट. त्याने रॅप म्हटलं, ते लिफ्टवर. पाठीवर पिशवी, सातवा मजला आणि लिफ्टवर पाटी : 'डिलिव्हरीवाल्यांनी जिन्याने जावे.' शब्द साधे होते. ठेका मात्र पायऱ्या चढणाऱ्या माणसाच्या दमाचा होता. लोक टाळ्या वाजवत होते, मी चपला न्याहाळत होतो. तीच पाटी आमच्या लिफ्टवर आहे. त्या ठरावावरही माझी सही आहे.

पावणेदहाला पोरांनी आपण होऊन वायरी गुंडाळल्या. रात्री दहा ते सहा लाउडस्पीकर बंद, हा २०००चा नियम त्यांना पाठ होता.

"कला करायचीय तर रीतसर नाट्यगृह भाड्याने घ्या की!" असं सेक्रेटरींचं म्हणणं. मी कॉमर्सचा माणूस आहे, म्हणून हिशेबानेच बोलतो. पहिल्याच दिवशी हाउसफुल्ल होणारी कला कुठल्याही कारखान्यात तयार होत नाही. तिला आधी चुकायला जागा लागते, आणि चुका परवडायच्या तर भाडं कमी लागतं. हेच सेक्रेटरी प्रायोगिक रंगभूमीच्या आठवणींनी गहिवरतात. ती १९७४ पासून बहरली कुठे? 'आविष्कार'मुळे दादरच्या छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये. त्या चळवळीतले अमोल पालेकर बँक ऑफ इंडियात नोकरीला होते, हे सांगताना माझी कॉलर उगाचच ताठ होते. "अहो, ते वेगळं. ते आता आदरणीय आहे!" सेक्रेटरी म्हणाले. म्हणजे कला आदरणीय व्हायला पन्नास वर्षांची मुदत ठेव हवी! हवी तर हवी. पण मग ती मुदतीपूर्वी मोडू तरी नये.

लिव्हरपूलचा 'कॅव्हर्न क्लब' तर खरोखरच जमिनीखाली होता, फळांच्या वखारीच्या तळघरात. १९५७ साली तो सुरू झाला. १९६१ ते १९६३ या काळात बीटल्स तिथे जवळजवळ तीनशे वेळा वाजवून गेले. १९७३ साली रेल्वेच्या हवेच्या झडपेसाठी तो बंद केला आणि पुढे तळघर बुजवलं. झडप काही झाली नाही. १९८४ साली जुन्याच बऱ्याचशा विटा वापरून तो पुन्हा बांधला. बुजवायचं आणि परत उकरायचं! आमच्याकडे याला उलटी एंट्री म्हणतात, आणि ती करणाऱ्याला मेमो मिळतो. आमच्या गाळ्यातून बीटल्स निघतील अशी हमी मी देत नाही. हमी कुणालाच देता येत नाही, म्हणून तर गाळा हवा. आणि बीटल्स नाही निघाले, तरी त्या पोराला आपला जिना सांगायला शहरात दुसरी जागा कुठली?

म्हणून मी अर्ज दिला : 'गाळ्याविरुद्धच्या तक्रारीवरील व लिफ्टच्या ठरावावरील माझी सही मागे घेत आहे. कारण : सही जुळत नाही.'

सेक्रेटरींनी अर्ज दोनदा वाचला. "मीटिंगमध्ये घेऊ. शनिवारी संध्याकाळी सातला."

"लिफ्टची पाटी त्याच्याआधी काढा," मी म्हटलं. "मीटिंगला मला जमणार नाही. दोन जिने चढून अंडरग्राउंड जायचंय."