विश्लेषण : थकव्यावर ‘ड’ जीवनसत्त्वाची पुडी, पण हिमोग्लोबिन तपासले का?

सतत थकवा, अंगदुखी, जिना चढताना लागणारी धाप. ही तक्रार घेऊन औषधाच्या दुकानात गेलेल्या महिलेच्या हाती अनेकदा ‘ड’ जीवनसत्त्वाची ६० हजार युनिटची पुडी पडते. ‘ड’ कमी असले तरी थकवा येतो आणि रक्त कमी असले तरी येतो. त्यामुळे एकाचे औषध सुरू होते आणि दुसरा आजार तसाच राहतो. या दोन्हींचा संबंध नेमका काय?

प्रश्न किती मोठा?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के महिलांना रक्तक्षय, म्हणजेच अॅनिमिया आहे. महाराष्ट्रात हे प्रमाण ५४.२ टक्के आहे. आधीच्या सर्वेक्षणात ते ४८ टक्के होते. गर्भवती नसलेल्या महिलेचे हिमोग्लोबिन १२ ग्रॅमपेक्षा कमी असेल, तर तो रक्तक्षय मानला जातो.

‘ड’ आणि रक्ताचा संबंध काय?

या संबंधातला महत्त्वाचा दुवा म्हणजे यकृतात तयार होणारे ‘हेपसिडिन’ हे संप्रेरक. अन्नातील लोह आतड्यातून रक्तात किती जाऊ द्यायचे, हे ते ठरवते. हेपसिडिन वाढले की लोहाची वाट बंद होते. शरीरात दाह किंवा संसर्ग असला की ते वाढते. ‘ड’ जीवनसत्त्व मात्र ते कमी करते. अमेरिकेतील संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात निरोगी व्यक्तींना ‘ड’चा एक मोठा डोस दिल्यावर हेपसिडिन सुमारे एकतृतीयांशाने घटले होते.

मग ‘ड’ घेतले की रक्त वाढेल?

इथेच गल्लत होते. हेपसिडिन कमी झाले म्हणजे वाट मोकळी झाली. पण त्या वाटेने जायला लोह तर हवे! अनेक देशांतील चाचण्या एकत्र पाहिल्या, तर केवळ ‘ड’ दिल्याने हिमोग्लोबिन ठळकपणे वाढते असे दिसत नाही. नुसत्या उन्हाने रक्त भरले असते, तर दिवसभर शेतात राबणाऱ्या बायकांना रक्तक्षय झालाच नसता. प्रत्यक्षात देशाच्या ग्रामीण भागात हे प्रमाण ५८.५ टक्के, तर शहरी भागात ५३.८ टक्के आहे.

नुकसान कुठे होते?

बाजारात ‘ड’ बहुतेकदा कॅल्शियमसोबत एकाच गोळीत मिळते. ही गोळी आणि लोहाची गोळी जेवणानंतर एकदमच घेतली जाते. कॅल्शियम लोहाच्या शोषणात अडथळा आणते, त्यामुळे दोन्हींत किमान दोन तासांचे अंतर हवे. वरून चहा घेतला, तर लोह आणखी कमी शोषले जाते. लोहाची गोळी लिंबूपाणी किंवा आवळ्यासोबत घेणे चांगले.

दुसरा धोका म्हणजे मनाने सुरू ठेवलेल्या पुड्या. ‘ड’ चरबीत साठते. प्रमाण फार वाढले, तर रक्तातील कॅल्शियम वाढते आणि मूत्रपिंडाला त्रास होतो.

आधी काय तपासावे?

सीबीसी ही साधी रक्तचाचणी ‘ड’च्या चाचणीपेक्षा कितीतरी स्वस्त आहे. हिमोग्लोबिन कमी आले, तर फेरिटिन तपासून शरीरातील लोहाचा साठा कळतो. पाळीतील जास्त रक्तस्राव, ‘बी-१२’ची कमतरता, थॅलेसेमिया, विदर्भ-खानदेशच्या आदिवासी पट्ट्यात आढळणारा सिकलसेल ही कारणेही डॉक्टरांनी पाहायला हवीत. ‘अॅनिमियामुक्त भारत’ मोहिमेत प्रजननवयातील महिलांसाठी आठवड्याला ६० मिलिग्रॅम लोहाची एक गोळी ठरवून दिलेली आहे. गर्भवतींना ती रोज घ्यावी लागते.

‘ड’चा विचार कधी?

लोह नियमित घेऊनही हिमोग्लोबिन वाढत नसेल, तेव्हा दाह, संसर्ग यांच्यासोबत ‘ड’ तपासण्याला अर्थ आहे. हाडांसाठी त्याची गरज आहेच. पण रक्ताच्या बाबतीत ‘ड’ मदतनीस आहे; लोहाची जागा ते घेऊ शकत नाही. थकलेल्या बाईला पुडी देण्याआधी तिचे हिमोग्लोबिन विचारण्याची सवय दुकानदाराने, घरच्यांनी आणि स्वतः तिनेही लावून घ्यायला हवी.