पोळ्यानंतर एक दिवस गौताळ्याला

दौलताबादच्या किल्ल्यावर आणि वेरूळला आपण पाहुण्यांना घेऊन दरवर्षी जातो. पण त्याच धुळे रस्त्याने पुढे कन्नडला उतरून गौताळा औट्रमघाट अभयारण्य पाहिलेली घरे आपल्या भागात थोडीच. सुमारे 260 चौरस किलोमीटरचे हे रान 1986 साली अभयारण्य झाले.

मे महिन्यात हे रान पाहिले तर वाळवंटच वाटते. साग, सालई, धावडा, सगळे उघडेबोडके आणि खाली वाळलेले गवत. म्हणून तेव्हा जाऊ नका. पोळा झाला, खुरपणी उरकली, की जा. गौताळा तलाव भरलेला असतो, सीता न्हाणीचा धबधबा कोसळत असतो. मोर आणि वानरे सहज दिसतात. बिबट्या आहे, पण तो दिसावा असा हट्ट धरू नये. 2021 मध्ये तर यवतमाळच्या टिपेश्वरहून एक वाघ शेताशिवारांतून वाट काढीत इथवर आला होता.

पितळखोऱ्याची लेणी मात्र चुकवू नका. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकापासूनची ही लेणी वेरूळपेक्षा कितीतरी जुनी आहेत. पायऱ्या बऱ्याच उतराव्या लागतात, म्हणून म्हाताऱ्या माणसांना वरच सावलीत बसवावे. खाली दगडी हत्तींची रांग आहे. पैठणच्या एका सुगंधी द्रव्याच्या व्यापाऱ्याने इथल्या खांबासाठी दान दिल्याचा लेख आहे. इथे सापडलेली यक्षाची मूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. ती घडवणारा कान्हदास सोनार होता, असे तिच्यावरच कोरले आहे.

घाट उतरून चाळीसगावच्या बाजूला पाटणादेवी. देवीचे दर्शन तर घ्याच, पण शाळेत जाणाऱ्या मुलांना आणखी एक गोष्ट सांगा. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने शके 1128 च्या सुमारास इथे मठ काढला. त्याच्या शिलालेखात जुन्या मराठीच्या ओळी आहेत, आणि बाजारातल्या मालावर, तेलाच्या घाण्यामागे मठाला काय द्यायचे ते त्यात लिहिले आहे. गणिताची शाळा चालली ती कुणब्या-तेल्यांच्या पदरच्या मालावर, हे मला फार आवडते.

आता थोडे माझ्या खात्याचे. 31 ऑगस्ट 2021 ला या डोंगरावर ढग फुटल्यासारखा पाऊस झाला. कन्नड घाटात दरडी आल्या आणि खाली तितूर-डोंगरीच्या पुरात चाळीसगाव तालुक्यातली जनावरे, घरे आणि उभी पिके गेली. असा पाऊस कोणी अडवू शकत नाही. पण डोंगरावर गवत टिकले तर पाणी चालते, गवत गेले तर ते माती घेऊन धावते. उन्हाळ्यात टाकलेली एक पेटती विडी कित्येक एकरांचे गवत खाते. रानात हिंडताना चराईने उघडी पडलेली टेकडी आणि गवत राखलेली टेकडी शेजारी शेजारी दिसतील. दोन्हींच्या ओढ्यांतले पाणी ओंजळीत घेऊन पाहा, एक गढूळ निघेल, एक नितळ.

कन्नडपर्यंत एस.टी. आहे, पुढे गावातल्या चार घरांनी मिळून जीप करावी. भाकरी, ठेचा आणि पिण्याचे पाणी घरूनच न्या. वन खात्याच्या नाक्यावर नोंद करा, पाऊस जोरात असेल तर ओढ्यात मुले उतरवू नका, आणि धार काढायच्या वेळेला घरी पोचायचे असेल तर पाटणादेवीहून दुपारी तीनलाच निघा.