एवढी मोठी मुलगी आणि बाबागाडी?

बोरगाव म्हटलं की आपल्याकडच्या माणसाला निपाणी तालुक्यातलं बोरगाव आठवतं. माझी लेक मात्र दुसऱ्याच बोरगावात नांदते. हे बोरगाव मध्य प्रदेशात, नागपूर-छिंदवाडा रस्त्यावर, सौंसर तहसिलीत. 2023 पर्यंत त्याचा जिल्हा छिंदवाडा होता, आता पांढुर्णा झाला. कारखान्यांचं गाव आहे, जावई तिथंच नोकरीला. आजूबाजूला संत्र्यांच्या बागा, आणि शनिवारी-मंगळवारी जामसावळीच्या निजलेल्या मारुतीला जाणाऱ्या गाड्यांची रांग.

सीमा इथंही आहे, फक्त ती मराठी-हिंदीची. बाजारात मराठी, कचेरीत हिंदी. आणि लेकीच्या स्वयंपाकघरात आम्हा दोघींचं कन्नड! आजूबाजूला कुणालाच कळत नाही, त्यामुळे सासरच्यांबद्दल दोन शब्द बोलायला फार सोयीचं पडतं. वाचकांतल्या लेकी-सुनांना हे निराळं सांगायला नको. या सोयीनंच मला या खेपेला तोंडघशी पाडलं, ते पुढं येईलच.

दिवाळीच्या सुट्टीत सगळ्यांनी हैदराबादला जायचं ठरलं. तिथं रामोजी फिल्म सिटी 1996 पासून आहे, 2016 साली वंडरला आलं, बर्फाचं घर आहे, मत्स्यालय आहे. नातीला नुकतं सहावं लागून गेलेलं. तिनं कोणत्या पाळण्यात कितीदा बसायचं याची यादीच केली होती. आणि निघायच्या आठ दिवस आधी लेकीनं माळ्यावरून काय काढावं, तर बाबागाडी!

मी म्हटलं, "अगं, ही आता कुणाला?"

"हिला. दिवसभर चालवणार नाही तिच्यानं."

मला हसूच आलं. सहा वर्षांची घोडी! शाळेत पळते, अंगणात लंगडी घालते, हिला गाडी? मी लेकीला तिचं लहानपण ऐकवलं. सौंदत्तीच्या यल्लम्माला जाताना तू पाच वर्षांची होतीस, बसमधून उतरल्यावर डोंगर आपल्या पायांनी चढलीस, असं. लेक काही बोलली नाही. मग हळूच म्हणाली, "चढले नाही आई. रडत चढले. 'एत्तिको, एत्तिको' म्हणत होते आणि तू पुढं चालली होतीस."

मला ते आठवतच नव्हतं. अजूनही नीटसं आठवत नाही. पण ज्याचे पाय दुखतात त्याच्या लक्षात राहतं, पुढं चालणाऱ्याच्या नाही.

शेजारीण डोकावली, तिनंही विचारलं, "काहून बाई, येवढी मोठी पोरगी गाडीत बसन का?" आणि नात हे सगळं दारात उभी राहून ऐकत होती. आम्हा मोठ्यांचं हे नेहमीचंच, मूल समोर असतं आणि आपण ते नसल्यासारखं बोलतो.

जावयांनी वाद न घालता गाडी उलटी केली आणि खालची चिठ्ठी वाचली. पंधरा किलो. नातीचं वजन वीस. हे वजन काही जास्त नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात सहा वर्षांच्या मुलीचं मधलं वजन वीस किलोच्या आसपासच आहे आणि उंची एकशे पंधरा सेंटिमीटर. म्हणजे आपल्या घराघरांतल्या बहुतेक जुन्या बाबागाड्या चौथ्या-पाचव्या वर्षीच मुलाला अपुऱ्या पडतात. युरोपात 2018 साली गाड्यांच्या मानकाचे दोन भाग केले, एक पंधरा किलोपर्यंतच्या गाड्यांचा आणि दुसरा त्यापुढं बावीस किलोपर्यंतचा. थोरल्या मुलांना गाडीत बसवणं हे काही आमच्याच घरातलं खूळ नाही, एवढं त्यावरून मला कळलं. जावई नागपूरला गेले तेव्हा बावीस किलोवाली गाडी घेऊन आले. निपाणीहून विहीणबाईंचा फोन आला. त्यांचं माहेर घटप्रभेचं, बोलणं थेट. म्हणाल्या, "मुलीला तळ्ळु गाडीत घालून विकायला नेताय की काय?"

या गाडीचा इतिहास मात्र मजेशीर आहे. 1733 साली इंग्लंडात विल्यम केंट नावाच्या वास्तुकारानं डेव्हनशायरच्या ड्यूकच्या मुलांसाठी पहिली बालगाडी केली म्हणतात. ती माणसानं ढकलायची नव्हती, बकरीसारख्या लहान जनावरानं ओढायची होती. पुढं दोनशे वर्षं ती मोठ्या घरांचंच कौतुक राहिली. आपण आज छत्रीसारखी मिटवून बसमध्ये टाकतो ती गाडी ओवेन मॅक्लारेन या इंग्रज विमान अभियंत्यानं 1965 मध्ये काढली. दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या सांगाड्यावर त्यानं काम केलं होतं. मुलगी अमेरिकेहून नातवंडाला घेऊन यायची तेव्हा जड गाडी विमानातून आणताना तिचे हाल होत, ते बघून त्यानं हलक्या ॲल्युमिनियमची, मिटणारी गाडी केली. म्हणजे आज्ज्यांनी नाकं मुरडलेली ही वस्तू एका आजोबांनीच केलेली!

माझी एक भाची अमेरिकेत असते. तिच्याशी बोलले तर तिला माझंच आश्चर्य वाटलं. तिकडं डिस्नेच्या पार्कांत सात-आठ वर्षांची मुलं गाडीत बसलेली सर्रास दिसतात. तिथं गाड्या भाड्यानं मिळतात आणि एकेरी गाडीला पन्नास पौंड, म्हणजे पावणेतेवीस किलोंपर्यंतचं मूल चालतं. गाड्या इतक्या वाढल्या की 1 मे 2019 पासून फ्लोरिडा आणि कॅलिफोर्नियाच्या पार्कांत एकतीस इंचांहून रुंद आणि बावन्न इंचांहून लांब गाडीला बंदी केली आणि ओढायच्या डबागाड्याही बंद केल्या. तिकडंही "एवढ्या मोठ्या पोराला?" म्हणणारे आहेतच, भाची म्हणाली. फक्त ते इंग्रजीत म्हणतात.

हे सगळं ऐकूनही माझं मन वळलं नव्हतं, खरं सांगते.

एके संध्याकाळी मी नातीला घेऊन देवळापर्यंत चालले आणि सहज पावलं मोजली. माझी दहा पावलं पडतात तेवढ्यात तिची सोळा. घरी येऊन हिशेब केला. जावयांच्या फोनमध्ये पावलं मोजतात. मागच्या सहलीत त्यांची चौदा हजार झाली होती. त्याच हिशेबानं नातीची बावीस हजारांच्या वर जातात! आणि मोठ्यांना मधेच बाकावर टेकता येतं, मुलं तर रांगेतही उड्या मारतात. पार्कवाले तिकिटाला आणि पाळण्याला मुलाची उंची मोजतात. पायांचा दम किती, हे मोजायची पट्टी कुणाकडं नाही.

तरीही निघायच्या सकाळी मी बोललेच. "बाळ, तू मोठी झालीस ना? मग लोक हसतील हं."

झालं. नात गाडीत बसेना. पार्काच्या दारापासून रिकामी गाडी जावई ढकलतायत, त्यात आमच्या पिशव्या, आणि ही शेजारून ताठ मानेनं चालतेय. मला आतून बरंच वाटत होतं. बारापर्यंत सगळं छान. जेवल्यावर तिनं दोनदा माझा हात घट्ट धरला. तीनच्या सुमाराला एका पाळण्याच्या लांब रांगेत ती खालीच बसली. रडली नाही, हट्ट केला नाही, नुसती फरशीवर बसली आणि म्हणाली, "आज्जी, लोक हसले तरी चालेल का?"

लेकीनं माझ्याकडं बघितलंही नाही. तिला उचलून गाडीत ठेवलं, पट्टा लावला, डोक्यावरून ओढणी टाकली. पाच मिनिटांत पोर झोपली.

एवढ्यावर मी शहाणी व्हावं की नाही? पण सवय वाईट. समोरून एक बाई येत होती, गाडीत चांगला दहा वर्षांचा मुलगा, पाय गाडीबाहेर आलेले. आमची निदान सहाची, या विचारानं मला आधार वाटला असावा. मी लेकीला आपल्या चोरभाषेत म्हटलं, "इष्ट दोड्ड हुडुग, गाडियाग कुंतान नोड!"

बाई थांबली. वळली. अगदी शांतपणानं म्हणाली, "अवगं भाळ नडियाक आगंगिल्ल, अज्जी."

त्याला फार चालता येत नाही, आजी.

बाई बिदरची होती. मुलाला स्नायूंचा आजार, दिवसेंदिवस जोर कमी होत जाणारा. अजून चालतो. घरात चालतो, शाळेच्या वर्गात चालतो. पण दिवसभर नाही, आणि पडला की उठायला वेळ लागतो. दिसायला काही कमी नाही, गोरा-गोमटा, हसरा मुलगा. त्यानं मला नमस्कारही केला. "अपंगत्वाचा दाखला पर्समध्ये असतो," ती म्हणाली, "पण प्रत्येक बघणाऱ्याला काढून कसा दाखवू?" चाकाच्या खुर्चीत बसायला मुलगा तयार नाही. शाळेतल्या कुणी बघितलं तर, म्हणतो. गाडीत बसतो, कारण गाडीत धाकटा भाऊही बसायचा.

मी तिची माफी मागितली. ती "बिड्री अज्जी" म्हणून हसली, म्हणजे सोडून द्या. हे तिचं रोजचंच असावं, हे त्या हसण्यावरून कळलं आणि तेच मला जास्त लागलं. पुढं अर्धा तास आम्ही एकाच झाडाखाली बसलो. तिनं लेकीला बऱ्याच गोष्टी सांगितल्या.

त्यातली एक ऐकायला आम्हाला उशीर झाला होता, कारण नात जागी होऊन गाडीतून टुणकन उतरली आणि गाडी मागच्या मागं उलटली. दांडीला आम्ही तीन पिशव्या अडकवल्या होत्या. पाण्याच्या बाटल्या, चिवडा, माझा चष्मा, सगळं जमिनीवर. मूल बसलेलं असताना वजन सावरलं जातं, उतरलं की गाडी मागं जाते. आणि पिशव्या जड असतील तर मूल बसलेलं असतानाही उलटते. सामान खालच्या जाळीत ठेवायचं, दांडीला नाही. मूल चढता-उतरताना ब्रेक लावलेला हवा. थोरल्या मुलांचे पाय जमिनीला घासतात, तेव्हा पाय ठेवायची पट्टी खाली सरकणारी गाडी बघायची. सरकत्या जिन्यावर गाडी कधी न्यायची नाही, लिफ्ट शोधायची. पाळण्याच्या रांगेत बहुतेक ठिकाणी गाडी आत नेऊ देत नाहीत, बाहेर ठेवावी लागते, म्हणून दांडीला रंगीत फडकं बांधायचं आणि पैशाची पर्स गाडीत ठेवायची नाही. तिच्या मुलाच्या गाडीला इरकलीचा तुकडा बांधलेला होता. शंभर गाड्यांत उठून दिसेल!

आळशी होईल, हा विहीणबाईंचा मुद्दा मी तिला विचारलाच. ती म्हणाली, घरी गाडी काढायचीच नाही. शाळेला, बाजाराला, देवळाला चालायचं. गाडी फक्त अशा दिवसासाठी, आणि तीही मुलानं मागितली तर. मला पटलं. लेकीनंही तेच ठरवलं होतं, मी विचारलंच नव्हतं.

त्या रात्री मुक्कामी नातीच्या पोटऱ्या दुखल्या. या वयात, साधारण तीन ते बारा वर्षांत, दिवसभर धावपळ झाली की रात्री दोन्ही पाय दुखतात, चोळलं की बरं वाटतं आणि सकाळी मूल पुन्हा उड्या मारतं. वाढीचं दुखणं म्हणतात त्याला. पण एकच पाय सारखा दुखला, सांधा सुजला, ताप आला किंवा सकाळी उठल्यावर मूल लंगडलं, तर तेल चोळत न बसता डॉक्टरकडं न्यायचं. आणि वारंवार पडणारं, जिना चढायला कठडा धरणारं, जमिनीवरून उठताना मांड्यांवर हात टेकणारं मूल असेल तर त्याला आळशी म्हणण्याआधी दाखवायचं. हे शेवटचं मला बिदरच्या बाईनं सांगितलं. तिच्या मुलाला दोन वर्षं घरचे आळशीच म्हणत होते.

मी नातीच्या पोटऱ्या चोळत बसले. लेक शेजारी आडवी झाली होती. थोड्या वेळानं मी तिचाही पाय ओढून मांडीवर घेतला. ती झोपेत "राहू दे गं आई" म्हणाली, पण पाय काही काढून घेतला नाही.

बोरगावला परतल्यावर चार दिवसांनी शेजारीण पुन्हा आली. या वेळी तिची नजर व्हरांड्यातल्या गाडीवर होती. तिचा आठ वर्षांचा मुलगा सायकलवरून पडला होता, पाय प्लास्टरमध्ये, आणि जामसावळीचा नवस फेडायचा होता. "वजन किती चालते हो बाई इच्यावर?" तिनं विचारलं. मी गाडी उलटी करून चिठ्ठी दाखवली. पोरगा एकवीस भरला. गाडी सध्या तिच्याकडंच आहे.