गिरींचे नाव हवे, गिरींचा मार्ग नको!

मद्रासच्या, म्हणजे आजच्या चेन्नईच्या, जॉर्ज टाउनमध्ये आपल्या दोन्ही खात्यांचे कामगार शेजारी राबतात: जनरल पोस्ट ऑफिसात आणि जवळच्या बीच स्टेशनात. त्याच वस्तीत हायकोर्टाची लाल इमारत आहे. आयर्लंडहून परतलेले व्ही. व्ही. गिरी १९१६ साली तेथे वकील म्हणून नोंदले गेले. चारच वर्षांनी याच कोर्टाने बिन्नी कंपनीच्या दाव्यात मद्रास लेबर युनियनच्या बी. पी. वाडियांना मनाई हुकूम दिला. युनियन चालवणे म्हणजे मालकाचे नुकसान! तेव्हा आपल्या ना. म. जोशींनी मध्यवर्ती विधिमंडळात कायद्याची मागणी लावून धरली आणि १९२६ चा ट्रेड युनियन कायदा झाला.

गिरी वकिलीत रमले नाहीत. बंगाल-नागपूर रेल्वेचे कामगार त्यांनी संघटित केले. १९३७ च्या निवडणुकीत बोब्बिलीच्या राजाला पाडून ते राजाजींच्या प्रांतिक मंत्रिमंडळात मजूरमंत्री झाले.

वकील मंत्री झाला की कामगाराला ट्रिब्युनलची पायरी दाखवतो, हा आमचा नेहमीचा अनुभव. गिरी उलटे निघाले. १९५२ साली केंद्रात मजूरमंत्री होताच त्यांनी सांगितले: मालक-कामगारांनी समोरासमोर बसून तंटा मिटवावा, सरकारने सक्तीचा लवाद लादू नये. कितीक युनियनांनाही हे रुचले नाही. दुबळ्या युनियनला लवादाचाच आधार वाटतो. पण १९५४ साली बँक कामगारांच्या निवाड्याला सरकारनेच कात्री लावली, तेव्हा गिरींनी मंत्रिपद सोडले. असा राजीनामा नंतर किती मजूरमंत्र्यांनी दिला?

आम्ही त्यांची आरती ओवाळत नाही. मे १९७४ च्या रेल्वे संपात हजारो कामगार तुरुंगात गेले, हजारोंच्या नोकऱ्या गेल्या. राष्ट्रपती तेव्हा गिरीच होते. जुन्या रेल्वे पुढाऱ्याचे ते पद आपल्या कामी आले नाही.

आज नोएडातील सरकारी श्रम संस्थेला गिरींचे नाव आहे. आणि त्याच श्रम मंत्रालयाने २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू केली. संपापूर्वी १४ दिवसांची नोटीस ही अट रेल्वे-टपालवाल्यांना जुनीच. आता ती प्रत्येक कारखान्याच्या गळ्यात अडकवली आहे. समेटाची बोलणी सुरू झाली की संप बेकायदा. निम्म्या कामगारांनी एकाच दिवशी किरकोळ रजा टाकली, तर तोही संप!

संपाचे हत्यार काढून घेतल्यावर कामगाराने टेबलाशी बसायचे ते कशाच्या जोरावर? मंत्रालयाने याचे उत्तर द्यावे, नाहीतर नोएडाची ती पाटी उतरवावी.