गुंगीत हरवणारी पिढी आणि झोपी गेलेली यंत्रणा

दारूचा गुत्ता डोळ्यांना दिसतो. मद्यपी घरी परतला की साऱ्या आळीला कळते. झोपेच्या गोळीला मात्र वास नाही, गाजावाजा नाही. औषधाच्या रूपाने घरात शिरलेल्या या व्यसनाची चाहूल आईबापांनाही लागत नाही.

दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणाचा अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. वैद्यकीय सल्ल्याविना शामक औषधे घेणाऱ्यांची संख्या त्यात सुमारे १ कोटी १८ लाख सांगितली आहे. छत्रपती संभाजीनगरात ‘बटन’ या नावाने विकल्या जाणाऱ्या नशेच्या गोळ्या पोलिसांनी वेळोवेळी पकडल्या. मराठवाड्याची राजधानी ज्या विळख्यात सापडली, त्यापासून परभणी जिल्हा आपोआप दूर राहील, या भ्रमात कोणी राहू नये.

अल्प्राझोलम, डायझेपाम, नायट्राझेपाम ही औषधे मेंदूतील ‘गाबा’ या रसायनाचा प्रभाव वाढवून चेतापेशींचे कार्य मंदावतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, अल्पकाळ घेतल्यास ती उपकारकच आहेत. मनमानी सेवनाने मात्र नव्या आठवणी मेंदूत ठसेनाशा होतात, सारासार विचार ढळतो, मात्रा वाढत जाते. सवयीनंतर गोळी एकाएकी बंद केल्यास आकडी येऊ शकते. दारूसोबत घेतल्यास श्वासच थांबू शकतो. स्मृतिभ्रंशातून बुद्धिनाश आणि बुद्धिनाशातून सर्वनाश, ही उतरंड गीतेच्या दुसऱ्या अध्यायात सांगितली आहे. गोळीचा गुलाम तीच उतरंड उतरत असतो.

कायदा नाही, ही सबब चालणार नाही. १ मार्च २०१४ पासून ही औषधे ‘एच-१’ अनुसूचीत आहेत. डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विक्रीस मनाई आहे. डॉक्टर, रुग्ण, औषध व प्रमाण यांची नोंद ठेवून ती वही तीन वर्षे जपणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे. मग परभणी, जिंतूर, सेलू, गंगाखेड येथील किती वह्या तपासल्या गेल्या, याचा हिशेब अन्न व औषध प्रशासन जनतेपुढे का मांडत नाही? न तपासलेली वही आणि कोरी वही यांत फरक तो काय?

परंतु सारा भार शासनावर टाकून समाजालाही मोकळे होता येणार नाही. नापिकीने आणि कर्जाने झोप उडालेल्या शेतकऱ्याला आधाराचा शब्द हवा, गोळ्यांचे पाकीट नव्हे. व्यसनात अडकलेल्या तरुणाला हिणवण्याऐवजी डॉक्टरांकडे नेणारा मित्र हवा. गणेशोत्सव मंडळे, कीर्तनकार, महिला मंडळे आणि प्रामाणिक औषधविक्रेते यांनी मनावर घेतले, तर गावोगाव हा पहारा उभा राहू शकतो.

श्रमाला नामाची जोड देणाऱ्या संत जनाबाईंची ही जन्मभूमी आहे. तिच्या लेकरांना गुंगीची नव्हे, जागृतीची गरज आहे!